आरोप, अपराध आणि अधिकारपद



शाळेच्या हीरक महोत्सवात गौरवाची भाषणे पुष्कळ होतात आणि ती व्हावीतही. परंतु ज्या शाळेने ६० वर्षे मुलांना नागरिकशास्त्र शिकवले, तिच्या व्यासपीठावर नागरिकत्वाच्या एखाद्या अवघड प्रश्नाचा विचार होणेही तितकेच उचित ठरेल. नागरिकशास्त्राच्या तासाला विद्यार्थी हमखास विचारतात असा एक प्रश्न आहे. ज्याच्यावर फौजदारी गुन्ह्याचा आरोप आहे, तो निवडणूक लढवू शकतो का? मंत्री होऊ शकतो का? भारतीय कायद्याचे उत्तर एका शब्दाचे आहे : होय. हे उत्तर ऐकून वर्गात अस्वस्थता पसरते, आणि ती स्वाभाविक आहे. त्या अस्वस्थतेला केवळ संतापावर न सोडता विचारापर्यंत नेणे हे शिक्षणाचे काम आहे.

प्रथम कायदा काय आहे ते पाहणे आवश्यक आहे. संसद सदस्यांच्या अपात्रतेची कारणे संविधानाच्या अनुच्छेद १०२ मध्ये आणि विधिमंडळ सदस्यांची अनुच्छेद १९१ मध्ये दिली आहेत. गुन्ह्यासंबंधीचा तपशील मात्र लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ याच्या कलम ८ मध्ये आहे. कोणत्याही गुन्ह्यासाठी दोन वर्षे किंवा त्याहून अधिक कारावास झाला, तर दोषी ठरल्याच्या दिवसापासून अपात्रता सुरू होते आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षे टिकते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्ह्यांसारख्या काही गुन्ह्यांत तर नुसता दंड झाला तरी सहा वर्षांची अपात्रता ओढवते. या सर्व तरतुदींचा पाया एकच आहे, तो म्हणजे दोषसिद्धी. पोलिसांत गुन्हा नोंदवला जाणे, अटक होणे, दोषारोपपत्र दाखल होणे, न्यायालयाने आरोप निश्चित करणे, यांपैकी कोणत्याही टप्प्यावर कायदा कोणाला अपात्र ठरवीत नाही.

२०१३ पर्यंत या कायद्यात एक पळवाटही होती. पदावर असलेला आमदार किंवा खासदार दोषी ठरला आणि त्याने तीन महिन्यांत अपील केले, तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्याचे सदस्यत्व अबाधित राहत असे. सामान्य उमेदवाराला एक न्याय आणि सभागृहात बसलेल्याला दुसरा, असा हा प्रकार होता. १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे उपकलम घटनाबाह्य ठरवले. त्यानंतर सदस्यत्व तत्काळ जाऊ लागले. वरिष्ठ न्यायालयाने दोषसिद्धीलाच स्थगिती दिली, तरच अपात्रता थांबते.

आता मूळ प्रश्न. कायदा आरोपापाशी का थांबत नाही, दोषसिद्धीपर्यंत का वाट पाहतो? याचे उत्तर १९७७ च्या निवडणुकीत सापडते. आणीबाणीच्या काळात जॉर्ज फर्नांडिस यांच्यावर बडोदा डायनामाइट प्रकरणात गंभीर आरोप ठेवण्यात आले. ते तुरुंगात होते आणि तेथूनच त्यांनी बिहारमधील मुझफ्फरपूर येथून लोकसभेची निवडणूक लढवली. मतदारांनी त्यांना तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून दिले. सत्तांतरानंतर खटला मागे घेण्यात आला आणि ते केंद्रात मंत्री झाले. केवळ आरोपाने माणूस अपात्र ठरत असता, तर ज्या सरकारविरुद्ध मतदार कौल देणार होते, त्याच सरकारला आपला प्रतिस्पर्धी मैदानातून बाहेर काढता आला असता. आरोप ठेवणारी यंत्रणा शासनाच्या हाती असते. उमेदवार कोण असावा हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे गेला, तर निवडणुकीला अर्थ उरत नाही.

न्यायालयाचा निकालसुद्धा पहिल्याच पायरीवर अंतिम नसतो. उत्तर प्रदेशातील रामपूरचे आमदार आझम खान यांना द्वेषमूलक भाषणाच्या एका खटल्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यांची आमदारकी गेली, डिसेंबरमध्ये पोटनिवडणूक झाली आणि त्या जागेवर दुसरा आमदार आला. मे २०२३ मध्ये सत्र न्यायालयाने त्याच खटल्यात त्यांना निर्दोष ठरवले. आमदारकी तोपर्यंत दुसऱ्याची झाली होती. राहुल गांधी यांना मार्च २०२३ मध्ये सुरतच्या न्यायालयाने बदनामीच्या खटल्यात दोन वर्षांची शिक्षा दिली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे सदस्यत्व गेले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिल्यावर ते परत मिळाले. ही शिक्षा एका दिवसाने जरी कमी असती तरी अपात्रता आली नसती, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. दोषसिद्धीची रेषासुद्धा इतकी निसरडी असेल, तर ती आरोपापर्यंत मागे ओढणे किती धोक्याचे ठरेल, याचा अंदाज यावरून यावा.

तथापि नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती तितकीच खरी आहे. केंद्र सरकारच्या सेवेतील एखादा कारकून ४८ तासांपेक्षा अधिक काळ कोठडीत राहिला, तर १९६५ च्या सेवा नियमांनुसार तो निलंबित झाला असे मानले जाते. मंत्र्याला असा कोणताही नियम लागू नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्राचे मंत्री नवाब मलिक अटकेत असतानाही मंत्रिमंडळात राहिले, त्यांची खाती तेवढी इतरांकडे गेली. २०२४ मध्ये दिल्लीचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल अटकेनंतरही जवळजवळ सहा महिने मुख्यमंत्रिपदी होते, आणि त्या काळाचा बहुतांश भाग ते तुरुंगात होते. उलट झारखंडचे मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांनी त्याच वर्षी अटकेपूर्वी राजीनामा दिला आणि जामीन मिळाल्यावर ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. तिन्ही ठिकाणी जे घडले, ते कायद्याच्या आज्ञेने नव्हे. ज्याच्या त्याच्या इच्छेने घडले.

आणखी एक विसंगती विद्यार्थ्यांना नेहमी चकित करते. खटला चालू असलेला कच्चा कैदी तुरुंगातून मत देऊ शकत नाही, परंतु तुरुंगातून निवडणूक मात्र लढवू शकतो. लिली थॉमस निकालाच्याच दिवशी दुसऱ्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की ज्याला मत देता येत नाही, त्याला उभेही राहता येणार नाही. संसदेने त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून तो निकाल निष्प्रभ केला.

परंतु सर्वांत मोठे दुखणे आहे विलंबाचे. चारा घोटाळा १९९६ मध्ये उघडकीस आला. त्यातील एका खटल्यात लालूप्रसाद यादव सप्टेंबर २०१३ मध्ये दोषी ठरले आणि त्यांची खासदारकी गेली. मधल्या १७ वर्षांत ते पाच वर्षे देशाचे रेल्वेमंत्री होते. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतील रोखे खरेदीचे प्रकरण २००२ मधले. आमदार सुनील केदार यांना त्यात पाच वर्षांची शिक्षा झाली ती डिसेंबर २०२३ मध्ये. दरम्यानच्या काळात तेही राज्यात मंत्री होऊन गेले होते. दोषसिद्धीपर्यंत थांबण्याचे तत्त्व योग्य आहे, पण थांबण्याचा काळ एका पिढीएवढा झाला तर ते तत्त्व आरोपीच्या रक्षणापुरते उरते आणि ज्यांचे पैसे बुडाले त्या ठेवीदारांना, शेतकऱ्यांना त्याचा काहीच उपयोग राहत नाही. आरोपी खरोखर निर्दोष असेल, तर त्यालाही हा विलंब तितकाच अन्यायकारक असतो. त्याच्या नावावरचा डाग वीस वर्षे पुसला जात नाही.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने उमेदवारांच्या शपथपत्रांवरून केलेल्या गणनेनुसार, स्वतःवर फौजदारी खटले असल्याचे जाहीर करणारे खासदार लोकसभेत २००९ मध्ये १६२ होते, २०१४ मध्ये १८५, २०१९ मध्ये २३३ आणि २०२४ मध्ये २५१. लोकसभेच्या ५४३ जागा लक्षात घेता हे प्रमाण ४६ टक्क्यांवर गेले आहे. यांतील प्रत्येक जण गुन्हेगार आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण आंदोलनात केलेल्या रास्ता रोकोचाही खटला यात मोजला जातो. मात्र त्यांपैकी १७० जणांवरील आरोप गंभीर स्वरूपाचे आहेत, हेही विसरता येत नाही.

मग मधला मार्ग कोणता? विधी आयोगाने फेब्रुवारी २०१४ च्या आपल्या २४४ व्या अहवालात एक मार्ग सुचवला. पाच वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायालयाने आरोप निश्चित केले, तर उमेदवार अपात्र व्हावा. मात्र नामनिर्देशनपत्रांच्या छाननीपूर्वीच्या एका वर्षात निश्चित झालेले आरोप त्यासाठी धरू नयेत, म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर घाईने रचलेल्या खटल्यांचा उपयोग होणार नाही. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केले की अपात्रतेचे नवे कारण न्यायालय निर्माण करू शकत नाही. ते काम संसदेचे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने १३० वे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले. पाच वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात सलग ३० दिवस कोठडीत राहिलेल्या पंतप्रधान, मुख्यमंत्री वा मंत्र्याला पद सोडावे लागेल, असे त्यात म्हटले होते. ते संयुक्त संसदीय समितीकडे पाठवण्यात आले.

या दोन प्रस्तावांतला फरक पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी नीट समजून घेण्यासारखा आहे. आरोप निश्चित करताना न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकतो आणि खटला चालवण्याजोगा पुरावा आहे की नाही हे पाहतो. कोठडीचे दिवस मोजताना पुराव्याची अशी पारख होत नाही; जामीन अवघड असलेल्या कायद्याखाली अटक झाली, की ३० दिवस सहज उलटतात. म्हणून अटकेच्या दिवसांवर पद अवलंबून ठेवण्यापेक्षा न्यायालयाच्या विचारपूर्वक आदेशावर ते अवलंबून ठेवणे अधिक सुरक्षित होय. परंतु हा दुसरा मार्गही अपुराच आहे, कारण आरोपनिश्चितीनंतर खटला पुन्हा वीस वर्षे रेंगाळला, तर अपात्रता हीच न सिद्ध झालेल्या गुन्ह्याची शिक्षा होऊन बसेल. म्हणजे कोणत्याही बाजूने निघाले तरी वाट एकाच ठिकाणी येते. आरोपाला किती वजन द्यावे यापेक्षा निकाल केव्हा लागावा, हाच खरा प्रश्न आहे.

तो वेळेवर लागू शकतो, याचा पुरावाही आहे. उत्तर प्रदेशातील उन्नाव येथील अत्याचाराच्या प्रकरणात आमदार कुलदीप सेंगर आरोपी होते. १ ऑगस्ट २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो खटला दिल्लीला हलवला आणि दररोज सुनावणी घेऊन ४५ दिवसांत तो संपवण्यास सांगितले. मुदत पाळली गेली नाही, तरी साडेचार महिन्यांत निकाल लागला, जन्मठेप झाली आणि आमदारकीही गेली. आमदार-खासदारांवरील खटले आरोपनिश्चितीपासून एका वर्षात संपवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितले आहे. तो आदेश अपवाद न राहता नियम झाला, तर अपात्रतेचा कायदा बदलण्याची निकड पुष्कळशी उरणार नाही. त्यासाठी न्यायाधीश, सरकारी वकील आणि साक्षीदारांचे संरक्षण लागते. आणि या तिन्हींसाठी पैसा मंजूर करणारे सभागृह नागरिकच निवडतात.

मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही रामशास्त्री प्रभुणे सांगावे लागत नाहीत. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा संशय थेट सत्ताधाऱ्यावर होता. रामशास्त्र्यांनी संशयावर निवाडा दिला नाही. त्यांनी चौकशी केली, आणि दोष दिसून आल्यावर रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगण्यास ते कचरले नाहीत. त्यांच्या निर्भयतेचे स्मरण सर्वांना असते. चौकशी आधी आणि निवाडा नंतर हा त्यांचा क्रम, आणि ती चौकशी त्यांनी रेंगाळू दिली नाही ही गोष्ट, मात्र सहज विसरली जाते. न्यायाला धैर्य लागते तितकीच तत्परताही लागते.

न्यायालयाचा निकाल येईपर्यंत मतदार अगदीच रिकाम्या हातांनी उभा नाही. २००२ आणि २००३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील खटले शपथपत्रात लिहावे लागतात. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. २०२० पासून पक्षांनाही अशा व्यक्तीला उमेदवारी का दिली याची कारणे प्रसिद्ध करावी लागतात, आणि निवडून येण्याची क्षमता एवढेच कारण चालत नाही. शपथपत्र वाचताना चार गोष्टी पाहाव्यात : गुन्हा कोणता आहे, तो केव्हाचा आहे, आरोप निश्चित झाले आहेत का, आणि शिक्षा झाली असल्यास अपील कोठे आहे. दहा मिनिटांचे हे वाचन आहे. घरी मतदानापूर्वी आई-वडिलांनी ते मोठ्याने वाचले, तर नागरिकशास्त्राचा त्याहून चांगला पाठ कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

सहा दशकांत या शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी वकील झाले, कोणी शासकीय सेवेत गेले, कोणी व्यापारात स्थिरावले, अनेक जण आज पालक म्हणून याच प्रांगणात परतले आहेत. मतदार मात्र सगळेच झाले. वर्गात पेन हरवले तर संशयावरून शेजारच्या मुलाला शिक्षा करायची नाही, आणि म्हणून चौकशी टाळायचीही नाही, हे ज्यांना लहानपणी शिकवले गेले, त्यांना या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागणार नाही. आरोपीला अपराधी म्हणू नये, आणि अपराध सिद्ध होण्याची वाट अनंतकाळ पाहायलाही कोणाला लावू नये. ही दोन्ही वाक्ये पुढच्या पिढीला एकाच श्वासात म्हणता यावीत, एवढीच अपेक्षा या मंगल प्रसंगी व्यक्त करून हे विवेचन येथे पुरे करणे योग्य होईल.