पानावरचे अवधान



मराठीत ‘पान’ या एकाच शब्दाने ग्रंथाचे पृष्ठही ओळखले जाते आणि वाढलेले जेवणही. केळीच्या पानांची जागा स्टीलच्या ताटांनी घेतली, तरी पान वाढणे, पानावर बसणे हे शब्दप्रयोग मराठी घरांत टिकून आहेत.

या पानाला एक शिस्त आहे. वरच्या बाजूस मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. डावी बाजू थोडेथोडे चाखण्याची, उजवी पोटभर खाण्याची. ही मांडणीच जेवणाऱ्यास प्रमाण शिकविते. जुन्या पद्धतीत पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालीत आणि प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पंचप्राणांना उद्देशून लहान लहान घास घेत. विधीवरील श्रद्धा बाजूस ठेवली, तरी त्याचे मर्म ध्यानात येते. भुकेला हात क्षणभर थांबे आणि मन अन्नाकडे वळे.

परंतु हे अवधान अनेकदा पानाच्या कडेपाशीच संपत असे. चित्राहुती घालणारा पुरुष अन्नाला वंदन करी. चुलीचा धूर सोसून ते शिजविणारी गृहिणी मात्र सर्वांची जेवणे उरकल्यावर उरलेसुरले घेऊन बसे. पंक्तीत कोणी बसावे, हे जात ठरवी. केवळ स्वतःसाठी शिजविणारा पापच भक्षितो, असे गीतेचा तिसरा अध्याय सांगतो. तो मुखोद्गत असलेल्या घरांतही पंक्तिभेद चाले. या विसंगतीवर अनंत हरि गद्रे यांनी साध्या अन्नानेच प्रहार केला. त्यांच्या सहभोजनांत पक्वान्नांऐवजी झुणका-भाकर असे, आणि ती सर्व जातींच्या लोकांनी एकत्र बसून खावयाची असे. भाकरीला प्रसादाची योग्यता आली, ती या सोबतीमुळे.

घाईने पाने उलटणाऱ्यास ग्रंथ उमगत नाही; दूरचित्रवाणी वा मोबाइलकडे पाहत जेवणाऱ्यास अन्नाची चव उमगत नाही. चित्राहुती आता क्वचितच दिसते, आणि ती पुन्हा सुरू करावी असा आग्रह धरण्याचेही कारण नाही. पहिल्या घासापूर्वी हात तसाच क्षणभर थांबावा, आणि त्या क्षणी स्वयंपाकघराकडे वळून विचारावे, “तुझे पान कुठे आहे?” तिचे पान शेजारी मांडले गेले, म्हणजे अन्नाला केलेले वंदन पूर्ण झाले.