पाळी गेल्यावर ताटात काय हवं?

(बंगळूरमध्ये नोकरी-शिक्षणासाठी आलेल्या मराठी मुलामुलींच्या बैठकीत केलेलं भाषण)



इथे बसलेल्या बहुतेकांच्या घरात पहिली पदवी तुमचीच आहे. त्यामुळे आईचे रिपोर्ट वाचायचं कामही तुमच्याकडेच आलं आहे. म्हणून आज पाळी जाण्याबद्दल बोलते.

पाळी थांबते तेव्हा अंडाशयात इस्ट्रोजेन बनणं जवळजवळ बंद होतं. हाडं राखण्याचं काम हेच इस्ट्रोजेन करतं. ते कमी झालं की पहिली काही वर्षं हाडं झपाट्याने झिजतात, चरबी पोटावर चढते, मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

हे वय सगळ्यांचं सारखं नसतं. याच शहरातल्या आयसेक संस्थेच्या टी. एस. श्यामला आणि त्यांच्या सहकारी एम. शिवकामी यांनी २००५ साली १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची आकडेवारी तपासून मांडलं, की ३० ते ४९ वयाच्या सुमारे ११ टक्के बायकांची पाळी गेलेली होती. त्यात शेतात राबणाऱ्या, शाळा न मिळालेल्या बायकांचं प्रमाण जास्त होतं. त्या बायका कोणत्या वस्तीत राहतात, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि आपल्या बीडमध्ये? ऊसतोडीत एका दिवसाचा खाडा म्हणजे मुकादमाचा दंड. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीसमोर आलेला आकडा असा: ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. माझ्या मावशीचीही तिशीतच काढली. सोबत अंडाशयही काढले, हे तिला कुणी सांगितलं नाही. अंडाशय काढले की पाळी जाण्याचे सगळे परिणाम एकदम सुरू होतात. चाळिशीतच तिची कंबर धरली. म्हणून आईची पिशवी काढलेली असेल तर अंडाशय ठेवलेत का, हे कागदावर पाहा.

आता ताटाकडे येऊ. दवाखान्यात मिळणाऱ्या आहाराच्या तक्त्यात बदाम, पनीर, ऑलिव्ह तेल असतं. तो तक्ता आपल्या आईसाठी लिहिलेलाच नसतो. या वयात दिवसाला हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० मिलिलिटर दुधात ते सुमारे १२० असतं, १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५०. इथे नाचणीचा मुद्दा रोज खातात, आपल्याकडे भाकरी आणि आंबील आहे. आंबवल्याने त्यातलं कॅल्शियम अंगी जास्त लागतं. शेवग्याचा पाला, तीळ, जवळा हेही कॅल्शियमचेच. सुकी मासळी खारवलेली असेल तर धुऊन घ्या, रक्तदाब असेल तर बेतानेच.

हाडाला प्रथिनंही लागतात. डाळ, अंडं, कलेजी, वजडी. ज्या अन्नावरून आपल्याला शाळेत हिणवलं गेलं, त्यातच बी-१२ आहे, आणि ते वनस्पतीत मिळत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून आणि कर्नाटकात २०२१ पासून गोवंशहत्याबंदी कडक झाली, तेव्हा गरिबाच्या ताटातलं स्वस्त प्रथिन गेलं. या वयातल्या बाईच्या हाडांचा विचार त्या चर्चेत कुणी केला नाही.

जेवणासोबत चहा नको, तो लोह शोषू देत नाही. तंबाखू आणि मिश्री हाडांनाही घातक. दिवसभर कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या बाईला ऊन मिळत नाही, तिची ड जीवनसत्त्वाची तपासणी विचारून घ्या. आणि एक पक्कं ध्यानात ठेवा: पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त गेलं, तर थेंबभर असलं तरी डॉक्टरकडे न्या.

पाचव्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. पन्नाशीनंतरच्या बाईचं रक्त त्या आकड्यात मोजलंच नाही. घरातही ती शेवटीच जेवते, उरलं तर.

तेव्हा या महिन्यात घरी पैसे पाठवाल, तेव्हा नाचणी आणि अंड्यांचे वेगळे सांगून पाठवा. सुट्टीत गेलात की आईला आधी वाढा, आणि ती जेवेपर्यंत शेजारी बसा. बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. ते मोजमाप आपल्या स्वयंपाकघरापासून सुरू करू.

जय भीम, जय सावित्री!