केबल घेताना आधी अंतर मोजा

पनवेल येथे २०२० साली ‘योट्टा’चे सुमारे ७,२०० रॅक सामावणारे डेटा सेंटर सुरू झाले. अशा केंद्रांत दूरच्या पल्ल्यासाठी प्रकाशतंतू वापरतात. परंतु एकाच रॅकमधील यंत्रे जोडण्यास तांब्याची केबल स्वस्त पडते व वीजही कमी लागते. मात्र वेग वाढला की तांब्याचा पल्ला घटतो. सेकंदाला १० गिगाबिटचा वेग ‘कॅट-६’ केबल सुमारे ५५ मीटरपर्यंत, तर ‘कॅट-६ए’ १०० मीटरपर्यंत पेलते. ‘कॅट-८’ ४० गिगाबिट वाहून नेते, पण अवघे ३० मीटर. म्हणून प्रथम अंतर मोजावे, नंतर वेग ठरवावा आणि शेवटी दर पाहावा.

हाच नियम ग्रामपंचायत कार्यालयास व शाळेसही लागू आहे. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते. परंतु तिचा विद्युतरोध अधिक असतो व ती लवकर तुटते. तिच्यातून कॅमेऱ्यास वीजपुरवठा केल्यास ती तापण्याचा धोका असतो. यास्तव खरेदीच्या मागणीपत्रात ‘शुद्ध तांबे’ असा स्पष्ट उल्लेख करावा आणि जोडणीनंतर चाचणीचा अहवाल मागावा. केबल सदोष निघाली, तर दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थास हेलपाटा पडतो.