दातांची तार, रबराचे कडे आणि चूळ भरण्याचे औषध
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी मसुराच्या दाण्याएवढ्या एका वस्तूविषयी बोलणार आहे. वस्तू लहान आहे, परंतु तिच्यावर आपल्या मुलांची दोन वर्षे आणि आपल्या कष्टाचा पैसा अवलंबून असतो.

पूर्वी वेडेवाकडे दात हा नशिबाचा भाग समजला जाई. उत्तर येत असूनही तोंडावर ओढणी धरून गप्प बसणारी मुलगी आपण सर्वांनी पाहिली आहे. आज बारामतीत आणि इंदापूर तालुक्यातही मुलामुलींच्या दातांवर तारा दिसतात, ही समाधानाची गोष्ट आहे. या शास्त्राची आपल्या देशातील संघटना, इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी, १९६५ साली स्थापन झाली. तिच्या स्थापनेत मुंबईचे डॉ. एच. एस. शेख यांचा पुढाकार होता, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटीचे एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हे उपचार होतात.

आता मूळ विषयाकडे वळू. प्रत्येक दातावर एक छोटी खुंटी चिकटवतात, तिला ब्रॅकेट म्हणतात. तार त्या खुंटीत बसवून वरून रबराचे कडे चढवतात. दातांमधील फट मिटवायची असेल, तर अशा कड्यांची साखळी ताणून लावतात. ती साखळी दात हळूहळू ओढत आणते. हे रबर झाडाच्या चिकाचे नसते. ते बहुधा पॉलियुरेथेन नावाच्या कृत्रिम पदार्थाचे असते.

या रबराचा स्वभाव समजून घ्या. ताणलेली साखळी पहिल्या चोवीस तासांतच आपला निम्म्याच्या आसपास जोर गमावते. त्यानंतर उरलेला जोर सावकाश कमी होत जातो. लाळेतील पाणी रबरात मुरते, त्याच्या रेणूंमधील बंध सैल होतात आणि ते एकमेकांवरून सरकतात. जुन्या चड्डीची नाडी ढिली पडावी, तसाच हा प्रकार. म्हणूनच डॉक्टर चार ते सहा आठवड्यांनी बोलावून रबर बदलतात.

येथे चूळ भरण्याच्या औषधाचा, म्हणजे माउथवॉशचा संबंध येतो. बाजारातील काही माउथवॉशमध्ये अल्कोहोल असते, काहींत तर शेकडा वीसपेक्षाही अधिक. २०१२ साली ‘अँगल ऑर्थोडॉन्टिस्ट’ या अमेरिकन नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ताणलेल्या साखळ्या २८ दिवस, रोज दोनदा, अल्कोहोलच्या द्रावणात थोडा वेळ बुडवल्या. केवळ पाण्यातील साखळ्यांपेक्षा त्यांचा जोर अधिक घटला. हा प्रयोगशाळेतील प्रयोग होता, तोंडातील नव्हे, हेही सांगितले पाहिजे. तरीही बोध साधा आहे. अल्कोहोल नसलेले माउथवॉश मिळत असताना दुसरे का घ्यावे? अल्कोहोल असलेले औषध चालते का, असे आपल्यातील अनेकजण विचारतात. धार्मिक बाजूचे उत्तर उलेमांनी द्यावे. दातांच्या बाजूने एवढेच सांगतो की तार असताना ते टाळलेले बरे. बाटलीवरील घटकांची यादी वाचा. विद्यार्थी मित्रांनो, घरात वाचता येणारे तुम्ही आहात, हे काम तुमचे.

क्लोरहेक्सिडीन नावाचे औषध हिरड्या सुजल्यास उपयोगी पडते, पण बरेच दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात. म्हणून ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरतेच घ्यावे. कीड टाळण्यासाठी फ्लोराइडची चूळ सांगितली जाते. तीही विचारूनच घ्यावी. आणि पांढरे रबर पिवळे पडले म्हणून माउथवॉशला दोष देऊ नका. तो बहुधा आपल्या रश्श्यातील हळदीचा रंग असतो. त्याने जोर कमी होत नाही.

मात्र एक गैरसमज दूर झाला पाहिजे. माउथवॉश म्हणजे ब्रश नव्हे. खुंटीभोवती चिकटलेला थर चूळ भरून निघत नाही. तो राहिला, तर तार काढल्यावर दातांवर पांढरे चट्टे दिसतात. दात सरळ झाले आणि डाग कायमचे राहिले, तर काय मिळवले? आपला हा उसाचा मुलूख. दाताने ऊस सोलण्याचा मोह तार असेपर्यंत आवरा. त्याने खुंटी निघते आणि काम मागे पडते.

शेवटी पालकांना कळकळीची विनंती. माउथवॉशमुळे जेवढे नुकसान होते, त्याहून कितीतरी अधिक नुकसान चुकलेल्या तारखेमुळे होते. बारामतीहून पुणे शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब. परीक्षा असते, ऊसतोड असते, रोजंदारी बुडते. हे सारे मला ठाऊक आहे. पण जोर संपलेले रबर दातावर नुसते बसून राहते, काम करीत नाही. दोन महिने तारीख चुकली, तर दोन महिने उपचार लांबला असे समजा. जाणे अगदीच अशक्य असेल, तर निदान फोन करून पुढील दिवस ठरवा. तपासणीची तारीख शाळेच्या वेळापत्रकाशेजारी भिंतीवर लिहून ठेवा.

रबर दर महिन्याला नवे मिळते. मुलांचे हे वय पुन्हा मिळत नाही.