भागीदारीची नोंदणी



दोघे भाऊ कापडाचे दुकान काढतात, तेव्हा बहुधा भागीदारीच पत्करतात. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याने नोंदणीची सक्ती केलेली नाही; परंतु कलम ६९ अन्वये, नोंदणी नसलेल्या पेढीला थकलेल्या उधारीसाठी ग्राहकावर दावा लावता येत नाही. आणि आपला धंदा तर उधारीवरच उभा! नोंदणी मागाहून करता येते, हे खरे; मात्र ती दाव्यापूर्वी झालेली हवी, आणि वसुलीची मुदत सामान्यतः तीनच वर्षांची.

पेढीचे देणे भागीदाराच्या घरादारापर्यंत पोहोचते. ते टाळण्यासाठी २००८ च्या कायद्याने एलएलपी आणली. तथापि लहान दुकानाला तिची वार्षिक विवरणपत्रे जड जातात, आणि बँक कर्ज देताना बहुधा व्यक्तिगत हमी मागतेच.