गोबर गॅस संयंत्राची हिवाळ्यापूर्वीची तपासणी



थंड हवेच्या पाश्चात्त्य देशांत हिवाळ्यापूर्वी घर तापविणाऱ्या गॅसच्या भट्टीची तपासणी करून घेण्याचा परिपाठ आहे. हुबळी आणि धारवाड यांच्या दरम्यान वसलेल्या अमरगोळच्या परिसरात घर तापविण्याची गरज पडत नाही. पौषातील रात्री पारा १५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो, इतकेच. परंतु ज्या घरी गोबर गॅसवर स्वयंपाक होतो, तेथे एवढा गारठाही शेगडीपर्यंत पोहोचतो.

याचे कारण सोपे आहे. शेणापासून गॅस तयार करणारे सूक्ष्म जीव ३५ अंशांच्या सुमारास सर्वांत जोमाने काम करतात. काला २० अंशांच्या खाली गेला की त्यांचे काम मंदावते व १० अंशांच्या आसपास जवळजवळ थांबते. म्हणूनच संयंत्राचा आराखडा करताना शेण आत राहण्याचा काळ दक्षिणेकडील उबदार राज्यांत ३० दिवस, तर डोंगराळ थंड प्रदेशात ५५ दिवसांपर्यंत धरतात. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १९६२ मध्ये स्वीकारलेल्या तरंगत्या टाकीच्या संयंत्रात लोखंडी टाकीतून उष्णता लवकर निघून जाते. १९८४ मध्ये पुढे आलेले दीनबंधू संयंत्र जमिनीखाली असल्याने ते त्यामानाने ऊब धरून राहते.

गॅस कमी पडतो तो नेमका नको त्या वेळी. एळ्ळ अमावास्येला, म्हणजे सोलापूर-लातूरकडील वेळ अमावास्येला, शेतात नैवेद्य न्यावयाचा म्हणून पहाटेपासून स्वयंपाक चालतो. शेगडी मध्येच विझली की गृहिणी लाकडाची चूल पेटविते. दोन दिवसांची ही सोय महिनाभर चालते, शेण घालण्यात खंड पडतो, काल्यावर घट्ट साय धरते आणि उन्हाळा येईतो संयंत्र बंद पडलेले असते. अनुदानाची पाटी तेवढी भिंतीवर राहते. पुष्कळ संयंत्रे शेणाच्या अभावी नव्हे, तर अशा हेळसांडीमुळे निकामी होतात.

यासाठी दसरा ते दिवाळी या काळात तपासणी उरकावी. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व पुढे आकसते. त्यामुळे घुमटास अथवा कुंड्यांच्या बांधकामास तडे गेले आहेत काय, हे प्रथम पाहावे. लोखंडी टाकीचा गंज खरवडून तिला काळा रंग द्यावा. गंज थांबतो आणि दिवसाचे ऊनही शोषले जाते. नळीच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे आले तर गळती समजावी. गळती पाहण्यासाठी काडी कदापि ओढू नये. थंडीत गॅसमधील वाफेचे नळीत पाणी होते व ज्योत फडफडते. अशा वेळी नळीच्या सर्वांत सखल जागी असलेल्या तोटीतून हे पाणी काढून टाकावे. ज्योत निळी असावी. पिवळी दिसल्यास शेगडीची हवेची छिद्रे साफ करावीत.

थंडी सुरू झाल्यावर शेण ताजेच घ्यावे. रात्रभर हौदात गारठलेले पाणी पहाटे न वापरता उन्हात तापलेल्या पाण्याने दुपारी काला करावा. शेण आणि पाणी साधारण समप्रमाणात असावे. गॅस कमी येतो म्हणून दुप्पट शेण ओतण्याची चूक अनेकांकडून होते. मंदावलेल्या जीवांना ते पचत नाही, काला आंबतो आणि असलेला गॅसही जातो. संयंत्राभोवती कडब्याचा चुरा व पालापाचोळा रचून कुजू दिल्यास त्याची ऊब मिळते. रात्री टाकीवर गोणपाट घालावे. सकाळी टाकी फिरविल्याने साय मोडते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. साय काढण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी कोणीही पाचक विहिरीत उतरू नये. विहीर रिकामी दिसली तरी आत प्राणवायू नसतो, आणि सडक्या अंड्यासारखा वास असणारा विषारी वायू जास्त प्रमाणात असला की त्याचा वासही कळेनासा होतो. पहिला माणूस कोसळला की त्यास काढण्यासाठी दुसरा उतरतो आणि त्याच्या मागोमाग तिसरा. घरातील तिघे असे एकाच दुपारी दगावू शकतात. हे काम प्रशिक्षित कारागिराकडून, पुरेशी हवा खेळवून व दोर बांधूनच करवून घ्यावे. कुंड्यांवर झाकणे असावीत, कारण मुले व वासरे तिकडे फिरकतात.

ज्योतीत पडलेला फरक प्रथम दिसतो तो गृहिणीस. ग्रामसेवकांनी व शिक्षकांनी तोटी उघडणे, साबणाची चाचणी आणि शेगडीची सफाई घरातील पुरुषांबरोबर तिलाही प्रत्यक्ष करून दाखवावी. हे सर्व शिकण्यास अर्धा तास पुरतो, आणि तो एळ्ळ अमावास्येच्या आधी काढणे इष्ट.