तळाचे साक्षीदार
(जरीपटका, नागपूर येथील प्रौढ वर्गात दिलेले भाषण)



मागच्या खेपेला इथल्या एका मावशींनी मला विचारले, "गुरुजी, पाणी दिसायला तर नितळ आहे. मग ते वाईट कसे?" तेव्हा मला नीट सांगता आले नाही. आज सांगतो.

पाणी तपासायचे म्हणजे आपण बाटली भरून तपासणीला देतो. ते चांगलेच आहे. पाण्याचा अभ्यास करणारी मोठी संस्था आपल्या नागपुरातच आहे. ती १९५८ साली निघाली. १९७४ पासून तिला 'नीरी' म्हणतात. पण बाटलीची एक अडचण आहे. बाटलीत येते ते त्या घटकेचे पाणी. समजा, कोणी रात्री नदीत घाण सोडली. सकाळपर्यंत ती वाहून गेली. तुम्ही दहा वाजता बाटली भरली. मग बाटली काय सांगणार? सारे ठीक आहे म्हणणार!

रात्री काय झाले ते तळाशी राहणाऱ्याला ठाऊक. मासा पोहून दूर जातो. पण चिखलातला किडा कुठे जाणार? त्याचे घरदार तिथेच. जे येईल ते त्याला सोसावे लागते. नाजूक असतात ते मरतात, चिवट असतात ते उरतात. कोण उरले हे पाहिले, की गेल्या कित्येक महिन्यांचे पाणी कळते.

आपली पिवळी नदीच घ्या. ती गोरेवाड्याच्या तलावाकडून येते. जिथे ओढ्याचे पाणी स्वच्छ आणि खळाळते असते, तिथला दगड उलटा करून बघा. दगडाला बारीक किडे चिकटलेले दिसतात. काहींच्या शेपटीला तीन धागे असतात. मोठे झाले की ते पंख फुटून उडून जातात. त्यांना पाण्यात मिसळलेली हवा भरपूर लागते. गटाराचे पाणी मिसळले की ती हवा संपते, आणि हे किडे सर्वांत आधी नाहीसे होतात. मग काळ्या, वास मारणाऱ्या चिखलात कोण राहते? दोऱ्यासारखे लाल किडे. ते लाल का? आपल्या रक्तात जो लाल पदार्थ आहे, तसलाच त्यांच्या अंगात असतो. तो हवा धरून ठेवतो. म्हणून थोड्या हवेतही त्यांचे भागते. लाल किड्यांवाचून दुसरे काहीच दिसले नाही, तर नदीचा श्वास कोंडला आहे असे समजा.

आता हे पाणी पुढे कुठे जाते? पिवळी नदी नागनदीला मिळते, नागनदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला. तिथे भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दचे धरण आहे. त्या पाण्यात आपले ढीवर बांधव जाळे टाकतात. त्यांचे पोट त्यावर आहे. पुढे प्राणहिता, मग गोदावरी, आणि शेवटी समुद्र. म्हणजे आपल्या मोरीचे पाणी समुद्रापर्यंत जाते बरे!

समुद्र एवढा मोठा. त्याची तब्येत कशी पाहावी? तिथेही तळालाच विचारायचे. समुद्राच्या तळच्या गाळात अगदी छोटे जीव राहतात. पुष्कळसे तर वाळूच्या कणाएवढेच. त्यांना 'फोरॅमिनिफेरा' म्हणतात. नाव अवघड आहे, पाठ करू नका. शंखात गोगलगाय असते, तसा हा जीव आपल्या कवचात राहतो. बहुतेकांचे कवच चुन्याचे असते. काही जण वाळूचे कण चिकटवून घर बांधतात. जीव मरतो, पण कवच गाळात राहते. वरून नवा गाळ बसतो. असा थरावर थर चढतो. वरच्या थरात आजची हकीकत, खालच्या थरात आपल्या आज्याच्या वेळची! मिसर देशातल्या पिरॅमिडांचे पुष्कळ दगडसुद्धा अशाच जुन्या कवचांनी भरलेले आहेत. त्यातली काही तर नाण्याएवढी मोठी आहेत.

गोव्याला दोनापावल इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ती १९६६ साली निघाली. तिथले शास्त्रज्ञ हा गाळ काढतात, बारीक चाळणीत धुतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कवच मोजतात. गाळाला गुलाबी रंग लावतात. जिवंत असलेला जीव रंगतो, रिकामे कवच कोरे राहते. किती जिवंत, किती जातींचे, कवचे धड की वेडीवाकडी, हे सारे लिहून ठेवतात. गोव्यात लोखंडाच्या खाणी आहेत. त्यांची माती वाहून मांडवी नदीत येई. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडवीच्या मुखाकडचा गाळ तपासला आणि २००५ साली निष्कर्ष छापला. खाणीच्या मातीचा परिणाम त्यांना या जिवांवरून कळला. मोठमोठ्या बोटींनी जे सांगितले नाही, ते या कणभर जिवांनी सांगितले.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. दगडाखाली चांगले किडे दिसले, म्हणून ते पाणी प्यायचे नाही. पटकीचे, हगवणीचे जंतू किड्यांना कळत नाहीत. पिण्याचे पाणी उकळूनच प्या. मूल आजारी पडल्यावर किड्याची साक्ष काय कामाची?

येत्या रविवारी सकाळी आपण गोरेवाड्याकडे जाऊ. आधी तिथला एखादा स्वच्छ ओढा बघू, मग इकडे येऊन पिवळी नदीचा काठ. येताना घरची जुनी चाळणी आणि एक पांढरी थाळी आणा. पांढऱ्या थाळीत किडे चटकन दिसतात. पाटी-पेन्सिलही आणा. किती जातींचे किडे सापडले, ते प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहायचे. आणि साबणाची वडी विसरू नका. नदीच्या चिखलात हात घातल्यावर तो धुवायचा आहे.